दुपारची खरखर

धामणखेडच्या शाळेपुढं त्या दिवशी जो माणूस सायकलवरून उतरला, त्याला तिथली मास्तरीण कौशल्येनं सरळ साहेब समजून टाकलं. यात तिचा फारसा दोष नव्हता. तपासणीचे साहेब आज येणार, उद्या येणार, असं आठवडाभर चाललं होतं. आणि या माणसाच्या खिशाला पेन होतं, पायात बूट होते, कॅरिअरला दोरीनं बांधलेलं भलंमोठं खोकं होतं. खोक्यात दप्तर असणार. एवढं दप्तर घेऊन फिरणारा साहेब कडक असणार, हेही तिनं ठरवून टाकलं.

पोरं उभी राहिली. एकोणिसाचा पाढा झाला, जिल्ह्यातल्या नद्या झाल्या, नखं दाखवून झाली. तो माणूस दारात उभा राहून दोनदा काहीतरी बोलायला गेला आणि दोनदा थांबला. शेवटी कौशल्याच म्हणाली, "साहेब, मुलांना काही विचारायचं असेल तर विचारावं."

त्यानं वर्गावरून नजर फिरवली, कपाळाचा घाम पुसला आणि विचारलं, "प्यायले पाणी भेटल काय?"

वर्ग फिदीफिदी हसला. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "मी साहेब नाही, बाई. रेडिओची बॅटरी बदलाले आलो. चावडीच्या कपाटाची चाबी तुमच्यापाशी असते म्हणे."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंच नाही. अन् पाढा लय चांगला चालून राह्यला होता…"

कौशल्येचे कान तापले. किल्ली शोधायला म्हणून ती टेबलाच्या खणात वाकली आणि जरा जास्तच वेळ शोधत राहिली.

महाराष्ट्र होऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. धामणखेड मोताळ्यापासून अडीच कोसांवर. वीज त्याहून लांब. तरी गावात रेडिओ होता. सरकारनं ग्रामपंचायतीला दिलेला तो सेट चावडीतल्या लाकडी कपाटात बसवलेला, आणि त्याच्या मागं उशीएवढी बॅटरी. कपाटाची किल्ली कोणाकडे असावी यावरून गावात दोन पार्ट्या पडल्या, तेव्हा सरपंच वामनरावांनी ती बाहेरगावच्या मास्तरीणबाईंच्या हाती देऊन भांडण मिटवलं होतं. कौशल्या नांदुऱ्याकडची, बावीस वर्षांची. वडील नव्हते, आई तानुबाई तिच्याजवळच राहायची. रोज साडेसहाला कौशल्या कपाट उघडी, नागपूर केंद्र लावी. बाजारभाव, शेतीच्या गोष्टी, भजन असं सगळं ऐकून झालं की साडेआठला कुलूप. दोन तास. रेडिओच्या तासांच्या नोंदवहीतही ती रोज 'दोन तास' असंच लिहायची.

नव्या माणसाचं नाव सहदेव. बुलढाण्याच्या वर्कशॉपात तो रेडिओ दुरुस्तीला नुकताच लागला होता आणि त्याच्याकडे चौदा गावं होती.

"रोज दोन तास लावला तर बॅटरी दोन महिने जाते," तारा जोडता जोडता त्यानं सांगितलं. "आवाज बसला की मले एक कार्ड टाकजा. कार्ड आलं की मी येतो."

"आणि कार्ड नाही आलं तर?"

"तर तुमचा रेडिओ चांगला चालून राह्यला, असं समजतो."

चावडीचा म्हातारा कोतवाल मोतीराम उकिडवा बसून हे सगळं पाहत होता. मोतीरामला जगातल्या प्रत्येक गोष्टीचं 'काऊन', म्हणजे 'का', हवं असायचं, आणि गावात त्याला उत्तर देणारं कोणी उरलं नव्हतं. त्यानं संधी साधली.

"का हो, माह्या पोरीचं पत्र अमरावतीवरून यायले चार दिवस लागते. मंग हा नागपुरातला माणूस तोंड उघडते अन् अथी लगेच ऐकू येते, ते काऊन? रस्त्यात कोठी थांबत नाही काय?"

"त्याचा आवाज येतच नाही, बाबा. आवाज तथीच राह्यते. त्याची लहर बनते, अन् ते उजेडाच्या चालीनं येते. तुम्ही डोळा मिटून उघडेपर्यंत नागपूर ते धामणखेड अशा शंभर खेपा करीन ते."

मोतीरामनं डोळा मिटून उघडून पाहिला. खेपा काही दिसल्या नाहीत, पण माणूस त्याला पसंत पडला.

"म्हणजे पेटी बंद असली तरी ती लहर इथं असते?" कौशल्येनं विचारलं.

"असते ना. आत्ता तुमच्या आरपार जाऊन राह्यली. पेटी लावली नाही म्हून ऐकू येत नाही, एवढंच."

हे बोलताना त्याचं लक्ष हातातल्या पकडीकडे होतं. कौशल्येनं उगाचच पदर सावरला. आपल्या आरपार काही जात असेल असं तिला तोवर कधी वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तिनं शंभर पानी वही घातली. वरती लिहिलं: गावाचे प्रश्न.

गावाला खरोखरच प्रश्न होते. भजन संपलं की माणसं विचारत आणि ती उतरवून घेई. नवं मडकं पाणी गार करतं आणि जुनं नाही, असं का? पावसाळ्यात तेच नवं मडकंही हात टेकतं, ते का? कंदिलाची काच आधी आतून ओली होऊन मग काळी का पडते? कापूस ओला झाला की वजनाला चढतो हे ठीक, पण सावलीतला कापूस नुसत्या हवेनं का चढतो? दोन महिन्यांत एक्केचाळीस प्रश्न झाले. त्यातले गावाचे साधारण तीस असतील.

मार्गशीर्षात आवाज बसला. कार्ड गेलं आणि सहदेव आला. ओट्यावर बसून त्यानं वही उघडली आणि एकेका प्रश्नाचं उत्तर द्यायला लागला. त्याची एक सवय होती: विचारलं तेवढंच सांगायचं. पण विचारलं की मात्र असं सांगायचं की माणसाला ती गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक होती असं वाटावं. नवं मडकं पाझरतं, पाझरलेलं पाणी वाळताना मडक्याची ऊब घेऊन जातं. जुन्या मडक्याची भोकं बुजतात. आणि पावसाळ्यात हवाच ओली, मग वाळायचं कुठं? मोतीराम मान डोलवत होता.

"बाई, हा अठ्ठाविसावा…" सहदेव थांबला. "'माणूस बोलता बोलता थांबतो, तेव्हा तो काय बोलणार असतो?' हा कोणाचा?"

"मोतीरामबाबांचा," कौशल्या म्हणाली.

मोतीरामनं तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं.

"हे विज्ञानात येत नाही," सहदेव म्हणाला. पण त्यानं त्या प्रश्नावर काट मारली नाही; पुढच्यावर गेला.

दुपारी तानुबाईनं त्याला जेवायला बसवलं. भाकर वाढता वाढता तिनं त्याचं गाव, माय-बाप, मामाचं गाव, मावशी कोणाकडे दिली इथपर्यंत सगळं काढून घेतलं. उत्तरं मनासारखी आली असावीत, कारण चौथी भाकर तिनं नको म्हणत असताना वाढली आणि वर लोण्याचा गोळा ठेवला.

"तुमच्या मायनं गोधडी लय जाड शिवली," हात धुताना त्यानं दोरीवरच्या गोधडीकडे पाहून म्हटलं.

"गरम आहे फार."

"गोधडी गरम नसते, बाई."

"मग ऊब कुठून येते?"

"तुमचीच. कापसात हवा अडकते, ते तुमची ऊब बाहेर जाऊ देत नाही. गोधडी काहीच देत नाही, फकत धरून ठेवते."

ती त्याला वेशीपर्यंत सोडायला गेली. सरपंचांनी बॅटरीची पावती द्यायला सांगितलं होतं, ती तर तिनं चावडीतच दिली होती, तरी गेली. पांदण रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापसाची पराटी पांढरी झाली होती. वाटेत ठराविक अंतरावर खड्डे खणलेले दिसले.

"हे कशाचे?" तिनं विचारलं.

"विजेच्या खांबांचे. चैत्रात लाइन येते तुमच्या गावात. मंग विजेचा रेडिओ येईन. बॅटरी लागणार नाही."

तिनं एका खड्ड्याला वळसा घातला. "आणि… तुम्ही?"

"भंडाऱ्याकडे अजून लय गावं बिनविजेची हायेत. तिकडं धाडतीन."

"मले कोणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. शाळेतली भाषा तिच्या तोंडातून पहिल्यांदाच निसटली होती. त्यानं सायकल थांबवून तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होता तो… आणि अठ्ठाविसाव्या प्रश्नातल्या माणसासारखा थांबला. मग पायडलवर पाय ठेवून निघाला.

त्या संध्याकाळी भजनाकडे कौशल्येचं लक्ष नव्हतं. ती बोटं मोजत होती. आज बॅटरी बदलली. आता माघात संपणार. त्यानंतरची चैत्रात, आणि चैत्रात तर लाइनच येणार. म्हणजे सहदेव अजून एकदा येणार. एकदा. तिला तो रोज हवा होता. सकाळी फळ्यावर तारीख लिहिताना हवा होता, मडक्यातून पाणी घेताना हवा होता, आणि हिशेबानं तो उभ्या जन्मात अजून एकदा येणार होता. हे तिला सहन होईना.

शाळा सकाळ-दुपार अशी दोन वेळची. मधले तीन तास मोकळे. सगळा गाव कापूस वेचायला वावरात. चावडी शाळेला लागूनच. तिथं गारवा असतो म्हणून कौशल्या पोरांच्या वह्या तपासायला तिथं बसे. मोतीराम बाहेरच्या ओट्यावर तोंडावर फडकं घेऊन झोपलेला. मार्गशीर्षातल्या एका दुपारी तिनं वह्या बाजूला ठेवल्या, उठली आणि कपाट उघडलं.

आवाज अगदी लहान ठेवला. लहान ठेवला तरी बॅटरी जवळजवळ तेवढीच जळते, आतल्या नळ्या तापत ठेवाव्याच लागतात, हे त्यानंच एकतिसाव्या प्रश्नाला सांगितलं होतं. दुपारी नागपूर नीट लागत नाही, हेही त्यानंच सांगितलं होतं: दिवसा सूर्यानं आकाशातला एक थर जागा होतो आणि लांबून येणारी लहर पिऊन टाकतो; दिवस मावळला की तो थर विरतो, मग वरच्या थरावर आपटून लहर गावोगाव उतरते. म्हणून दुपारी नुसती खरखर. मधूनच एखादा शब्द, एखादी सनईची ओळ, की पुन्हा खरखर. कौशल्या कपाटाला कान लावून ती खरखर ऐकत बसे, तीन-तीन तास. मूर्खपणा होता, तिला कळत होतं. पण त्या खरखरीचा प्रत्येक क्षण सहदेवला इकडे ओढून आणतो आहे असं तिला वाटे, आणि हिशेबानं ते खरंही होतं.

वहीत ती 'दोन तास' लिहीत राहिली. पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारा तिचा हात तेवढं एक खोटं रोज नेमानं लिहायचा.

पौषात, पंचवीस दिवसांतच आवाज बसला. कार्ड गेलं. सहदेव आला तो भरलेलं आभाळ घेऊनच. अवकाळी ढग दाटले होते, वावरातली माणसं कापसाची गाठोडी झाकायला धावत होती. त्यानं जुनी बॅटरी काढून मीटर लावला, नोंदवहीतली पानं उलटली, पुन्हा मीटर लावला.

"दोनच तास?"

"दोनच," ती म्हणाली.

"थंडीनं गेली असंल…" तिनंच घाईनं पुढं जोडलं. हे तर त्यानं विचारलंही नव्हतं.

त्यानं रेडिओच्या काळ्या बटणावरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे पाहिलं. नवी बॅटरी जोडली. एवढ्यात वीज चमकली, आणि चमकल्याबरोबर रेडिओ कडाडला. ढग मात्र अजून गप्प होता.

"पेटीले आधी कसं कळलं?" ती विचारत होती, पण त्यानं बोट वर केलं.

"मोजा. एक, दोन, तीन…"

ती मोजू लागली. दोघं मिळून मोजू लागले, हळू आवाजात, कपाटापुढं उभे राहून. दहाला ढग गडगडला.

"पाच आकड्यांचा एक मैल. दोन मैलांवर पडली," तो म्हणाला. "वीज पडली ते पेटीले लगेच कळते. आपल्याले आवाज चालत येईपर्यंत थांबा लागते."

पुन्हा चमकली. या वेळी सहा. मग चार. "आता बंद," असं म्हणून त्यानं एरियलची तार सोडवली. सर आली. पत्र्यावर पाऊस इतका जोरात वाजू लागला की बोलायची सोय राहिली नाही. दोघं दारात उभे राहून मोताळ्याच्या बाजूचं पांढरं झालेलं शिवार पाहत राहिले. तिच्या कोपराजवळ त्याचं कोपर होतं. मधे चार बोटं अंतर. ती चार बोटं तिनं पुढचे कित्येक दिवस मोजली.

जाताना तो म्हणाला, "भेटू."

"कधी?"

"कार्ड आलं की."

कार्ड तीन आठवड्यांत गेलं. कौशल्येला आता धीर राहिला नव्हता. दुपारी तीन तास आणि पहाटे सडा टाकायच्या आधी अर्धा तास अशी ती बॅटरी जाळत होती. माघात सहदेव आला तेव्हा तिनं नवं लुगडं नेसलं होतं, आणि मोतीरामनं ते पाहून खोकल्याची उबळ आल्यासारखं तोंड फिरवलं होतं. पण सहदेव हसला नाही. वहीकडेही पाहिलं नाही त्यानं. मीटर लावला, काढला, सामान आवरलं.

"सेटमधी खराबी हाये, बाई. आतल्या आत करंट खाऊन राह्यला. वर्कशॉपात न्या लागते."

"नेता?"

"न्याच लागते."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही."

त्यानं सेट धोतराच्या जुन्या पानात गुंडाळला, कॅरिअरला बांधला आणि निघून गेला. कौशल्या रिकाम्या कपाटाची किल्ली हातात धरून उभी राहिली. रेडिओ गेला म्हणजे बॅटरी गेली, बॅटरी गेली म्हणजे कार्ड गेलं, आणि कार्ड नाही तर तो नाही. त्याला लवकर आणण्यासाठी तिनं जे केलं, त्यानंच तो गेला होता. असली गोष्ट कोणाला सांगणार? माणूस रडतोही तेव्हा कारण सांगावं लागतं.

संध्याकाळी साडेसहाला तिचे पाय आपोआप चावडीकडे वळत. तिथं माणसं येऊन बसत, बिड्या ओढत, रिकाम्या कपाटाकडे पाहत. कापसाला सरकी काढायच्या जिनात काय भाव हे व्यापारी सांगेल तेच आता खरं होतं. मोतीरामला तर भजनाशिवाय जेवण जाईना. दमलेली बॅटरी थोडा वेळ गप्प ठेवली की आतले बुडबुडे जिरतात आणि ती पुन्हा चार शब्द बोलते, असं सहदेवनं एकदा सांगितलं होतं. कौशल्या महिनाभर गप्प राहिली. तिच्या आतलं काहीच जिरलं नाही.

फाल्गुनात वामनरावांचा पारा चढला. चावडीत दहा-बारा माणसं जमवून ते म्हणाले, "नवशिका पोट्टा हाये तो. चांगला चालता सेट घेऊन गेला, अन् महिना झाला तरी पत्ता नाही. वर अर्ज करू. असा माणूस नोकरीत ठेवाच काऊन? मास्तरीणबाई, तुमचं अक्षर चांगलं हाये. लिहा."

त्यांनी कागद पुढं सरकवला. कौशल्येनं टाक उचलला. 'विषय' असं लिहिलं आणि तिचा हात थांबला. हा अर्ज गेला तर सहदेवची नोकरी जाणार, नव्या माणसाचं कोण ऐकून घेतं? तिचं स्वतःचं मात्र काहीच जाणार नव्हतं. नुसतं लिहून टाकायचं होतं, रोज लिहीत होती तसं.

"अर्ज मी लिहीत नाही," ती म्हणाली. "सेट चांगला हाये. बॅटरी मी जाळली. दुपारची रोज तीन तास पेटी लावत होती मी, अन् वहीत दोनच लिहीत होती."

वामनरावांनी चष्मा काढला. "तुम्ही? काऊन, बाई?"

बारा जोडी डोळे तिच्यावर होते आणि ती टाकाच्या टोकाकडे पाहत होती. तेव्हा कोपऱ्यातून मोतीराम बोलला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा एखादं 'काऊन' अडवलं होतं.

"जाऊ द्या, सरपंच. मी ओट्यावरच असतो दुपारचा, मले झोप कोठी येते? सारं ऐकू येते. काही गोष्टी इचाराच्या नसतात."

वामनराव म्हाताऱ्याकडे पाहत राहिले, मग कौशल्येकडे. त्यांनाही तीन लेकी होत्या. चष्मा पुन्हा लावून ते म्हणाले, "किल्ली उद्यापासून मोतीरामपाशी राहीन. अन् रेडिओ तुमच्यानं गेला, तुम्हीच आणजा. रविवारी बुलढाण्याची गाडी हाये."

राजूरच्या घाटात पळस पेटला होता. गाडी वळणावळणानं वर चढत होती आणि कौशल्या मनातल्या मनात बोलणं जुळवत होती, मोडत होती. वर्कशॉप म्हणजे टिनाची एक लांबट खोली. रविवार असूनही सहदेव बाकावर वाकून बसला होता. तिला पाहून तो उठला आणि उठताना त्याच्या हातातला पेचकस खाली पडला.

फळीवर तिचा रेडिओ होता. त्याच जुन्या धोतराच्या पानात.

"खराबी सापडली?" तिनं विचारलं.

"नाही. खराबी नव्हती."

"कधी कळलं तुम्हाले?"

"पौषात. पाणी आलं त्या दिवशी. बटणाले खडू लागला होता." तो खाली पाहत म्हणाला. "गावातल्या कोणाच्या बोटाले खडू नसते, बाई. अन् संध्याकाळी तुम्ही हात-तोंड धुऊन येता."

तिनं आपली बोटं पदराआड घेतली. आता घेऊन काही उपयोग नव्हता. "मंग सेट काऊन नेला?"

"तीन महिन्यांत तीन बॅटऱ्या. वरच्यांनी इचारलं, वही तपासाले माणूस धाडतो म्हणे. वही तुमच्या हातची. म्हून मी लिहून देल्लं, सेट खराब हाये." तो थांबला. "गावाचा रेडिओ महिनाभर बंद राह्यला, ते माही चूक हाये. उद्या घेऊन येतो, परवा घेऊन येतो, असं रोज म्हणत होतो… पण आलो असतो तर तुमच्याले विचारा लागलं असतं. अन् तुम्ही म्हटलं असतं की गाणी ऐकाले लावत होती, तर?"

"गाणी नाही लागत दुपारची. नुसती खरखर लागते."

"मले ठाऊक हाये."

बाहेरून टांग्याचा आवाज आला आणि गेला. कौशल्येनं पिशवीतून प्रश्नांची वही काढली. सत्तर पानं भरली होती. तिनं उघडली, मिटली.

"मी गावात सांगितलं. सगळ्यांपुढं. बॅटरी मी जाळली म्हून."

सहदेवनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिला आधी कधी दिसलं नव्हतं, आणि ते पाहायला ती हजार वेळा घाट चढून आली असती. पण तो बोलला नाही. तिनं विचारलं नव्हतं.

परतीच्या गाडीला अर्धा तास होता. सेट त्यानं उचलला. बसस्टँडपर्यंत दोघं सावलीसावलीनं चालले. तिच्या मनात एकच प्रश्न होता, आणि एक्केचाळीस प्रश्न विचारणाऱ्या बाईच्या तोंडून तो निघेना. गाडी लागली. ती खिडकीशी बसली. त्यानं सेट खिडकीतून तिच्या मांडीवर दिला. कंडक्टरनं दार लावलं, इंजिन थरथरलं.

"येतो म्हणजे… येते," ती काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

"बाई," सहदेव म्हणाला. खिडकीच्या गजाला त्यानं हात धरला होता आणि त्याचा आवाज नीट लागत नव्हता. "माही माय गुरुवारी धामणखेडले येणार हाये. तुमच्या मायले भेटाले. सोबत मामा येतीन. भंडाऱ्याची ऑर्डर वैशाखात हाये, अन् मले… एकट्याले जायचं नाही."

कौशल्येनं हे विचारलं नव्हतं. पहिल्यांदाच या माणसानं न विचारलेलं काही सांगितलं होतं, तेही एका दमात. तिला उत्तर द्यायचं होतं, पण गाडी हलली, गज त्याच्या हातातून सुटला, आणि तिनं नुसती मान हलवली. एकदा हलवली, त्याला दिसली नसेल या भीतीनं पुन्हा हलवली, स्टँड दिसेनासा होईपर्यंत ती मान हलवतच होती.

घाटात वारा लागायला लागला तशी धोतराच्या पानाची गाठ सैल झाली. तिनं ती नीट करायला कापड बाजूला केलं. सेट आरशासारखा पुसलेला होता. काच लखलखत होती, जाळीत धुळीचा कण नव्हता, कडेकोपऱ्यांतलाही कचरा काढलेला. फक्त उजव्या बाजूचं काळं बटण तेवढं पुसलेलं नव्हतं. त्यावर खडूनं भरलेल्या बोटाचा पांढरा ठसा होता तसाच होता.

तिनं त्यावर आपलं बोट ठेवलं नाही, पुसला जाईल म्हणून. कापड परत झाकलं आणि घाट उतरेपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसली.